यंदा ‘आमची’ अकरावी

गेल्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयाने अकरावीच्या पालकांची सभा ठेवली होती आणि ‘पालकांना दोन शब्द सांगा’ म्हणून मला बोलावले होते. निवृत्त बँक अधिकारी आणि शिवाय कादंबरीकार अशी बाई संयोजकांना फार सोयीची असते. ती वेळेवर येते, मानधन मागत नाही, आणि तिचे लिखाण श्रोत्यांपैकी कुणीच वाचलेले नसल्यामुळे वाद होण्याचा संभव नसतो.

उपप्राचार्यांनी आधी कामाच्या गोष्टी सांगितल्या. हजेरी पंचाहत्तर टक्के हवी, प्रॅक्टिकलच्या बॅचेस नोटीस बोर्डावर लावल्या आहेत, जर्नल वेळच्या वेळी तपासून घ्यावे, ओळखपत्राशिवाय फाटकातून आत सोडणार नाहीत. मग ते म्हणाले, ‘‘आता पालकांनी मोकळेपणाने प्रश्न विचारावेत.’’ तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ ताबडतोब उभे राहिले.

‘‘सर, मुलीचा क्लास सकाळी सात ते एक असतो. हजेरीत काही सवलत मिळेल का?’’

एवढा वेळ मोबाइलमध्ये बुडालेल्या सभागृहाने एकदम माना वर केल्या. त्यानंतरचे सगळे प्रश्न याच प्रश्नाची भावंडे होती. आठवड्यातून किती दिवस आले तर चालेल? प्रॅक्टिकल एकदमच शेवटी उरकता येतील का? डॉक्टरांचा दाखला दिला तर? प्रयोगशाळा कशी आहे, भौतिकशास्त्राला शिक्षक आहेत की जागा रिकामी आहे, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते, हे कुणीही विचारले नाही. मुलाला प्रवेश मिळावा म्हणून जून-जुलै जिवाचे रान केलेली ही माणसे, आणि आता त्याच कॉलेजात त्याला यावे लागू नये म्हणून धडपडत होती.

माझ्या शेजारी बसलेल्या बाई हळूच म्हणाल्या, ‘‘काय करणार हो, यंदा आमची अकरावी आहे ना! टीव्ही बंद, गावाला जाणं बंद, सगळं बंद.’’

हे ‘आमची’ मला नवे नाही. मुलाला ताप आला तर आपण ‘त्याला ताप आलाय’ म्हणतो, ‘आम्हाला आलाय’ म्हणत नाही. त्याची मैत्री, त्याची भांडणे, त्याचे चष्म्याचे नंबर त्याचेच असतात. अकरावी-बारावी तेवढी ‘आमची’. त्या दिवशी मी तयार करून नेलेले भाषण पर्समध्येच ठेवले आणि दहा मिनिटे सुचेल ते बोलले. नीट सांगता आले नाही. ते आज इथे सांगते.

मी स्वतः अकरावीच्या पहिल्या बॅचची. कोठारी आयोगाने १९६४-६६ या काळात काम करून सुचवलेला दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध महाराष्ट्रात आला, त्याची पहिली दहावी १९७५ मध्ये आणि पहिली बारावी १९७७ मध्ये झाली. त्या दोन्ही परीक्षांना मी बसले. थोरला भाऊ जुन्या अकरावीचा, म्हणजे सरळ मॅट्रिक. माझे मात्र आजीला शेवटपर्यंत उमगले नाही. ‘‘मॅट्रिक झालीस म्हणतेस, मग परत अकरावीत कशी गेलीस?’’ असे ती विचारी, आणि मी नापास झाले असून घरचे तिच्यापासून लपवताहेत, असा तिचा संशय होता. परकर-पोलक्यातून एकदम साडीत आलेल्या आम्ही पाच-सहा मुली वर्गाच्या कोपऱ्यात बसायचो. वडील दोन वर्षांत एकदाच कॉलेजात आले, तेही फी भरायला. त्यांनी खिडकीवर पैसे मोजले, पावती घडी करून टोपीत ठेवली आणि मला म्हणाले, ‘‘सांभाळून राहा.’’ पालकांसाठीची सगळी सभा त्या दोन शब्दांत आटोपली होती. तेव्हाचे सगळे चांगले होते असे मला म्हणायचे नाही. वर्गातल्या तीन मुलींची लग्ने बारावीच्या आधीच झाली आणि त्यांना कुणी विचारलेसुद्धा नव्हते.

पन्नास वर्षे होत आली, तरी या दोन वर्षांचे घर नक्की कोणते, हे अजून आपल्याला ठरवता आलेले नाही. काही ठिकाणी ही मुले माध्यमिक शाळेच्या वरच्या मजल्यावर बसतात. तिथे शिक्षकांना ‘सर’ आणि ‘बाई’ म्हणतात. काही ठिकाणी ती मोठ्या कॉलेजच्या आवारात असतात. तिथे त्याच पगाराच्या, त्याच पदावरच्या माणसाला ‘प्रोफेसर’ म्हणतात. मंडळ एक, पुस्तक एक. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात नववी ते बारावी हा चार वर्षांचा एकच टप्पा धरला आहे. पण पालकांच्या मनात दहावीचा निकाल लागला की शाळा संपते आणि बारावीनंतरचे ‘खरे’ शिक्षण दिसू लागते. मधली दोन वर्षे म्हणजे जंक्शनवरचे वेटिंग रूम. तिथे कुणी घर मांडत नाही.

मुलाच्या बाजूने मात्र ही दोन वर्षे फार भरलेली असतात. शाळेत तो एक दिवस आला नाही, तर कॅलेंडरमध्ये शेरा येई. इथे एका तुकडीत ऐंशी, शंभर, कधी एकशेवीस मुले असतात आणि दिवाळीपर्यंत त्याचे नाव कुणाला माहीत नसते. तो एक रोल नंबर असतो. तास चुकवला तर कुणी कान धरत नाही. महिन्याअखेर हजेरीच्या यादीत नाव लागते, एवढेच. वेळापत्रक, बॅच, परीक्षेचा अर्ज, सगळ्याची सूचना बोर्डावर. ती वाचायची सवय नसलेले मूल पहिले दोन महिने गोंधळून जाते. आणि आपण घरी विचारतो काय, तर ‘‘आज किती चॅप्टर झाले?’’

वाणिज्य शाखेच्या मुलांना तर पुस्तपालन, चिटणिसाची कार्यपद्धती, असे शाळेत कधी न पाहिलेले विषय एकदम समोर येतात. ‘नावे’ कुठे आणि ‘जमा’ कुठे, यात मी पाहिलेली किती तरी हुशार मुले अडखळली आहेत. (माझ्या हाताखाली आलेले काही पदवीधर कारकूनही अडखळत; तो वेगळा विषय.) त्या दिवशीच्या सभेत विज्ञान शाखेचे पालक सभागृहात होते. कला शाखेच्या पालकांची सभा शेजारच्या वर्गात होती. मी डोकावून पाहिले. सात माणसे होती. कलेच्या मुलांची अकरावी कुणाचीच नसते.

आता गुणांचे बोलते, कारण पालकांचा जीव तिथे असतो. दहावीला शंभरातले वीस गुण शाळेच्या हातात असतात, आणि २०१० पासून सहापैकी सर्वोत्तम पाच विषयांची टक्केवारी धरतात. ब्याण्णव टक्के हा आकडा असा बनलेला असतो. तो खोटा नाही. पण तो वजन करताना पिशवीसकट केलेला आहे, हे लक्षात ठेवले म्हणजे अकरावीच्या पहिल्या चाचणीत पंचवीसपैकी नऊ पडले तरी घरात सुतक धरायचे कारण उरत नाही. अकरावीची परीक्षा कॉलेजच घेते, म्हणून ‘हे वर्ष काही मोजत नाहीत’ असा दुसऱ्या टोकाचा समजही आहे. नीट आणि जेईई या परीक्षांना दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम असतो आणि राज्याच्या सीईटीतही सुमारे पाचवा हिस्सा अकरावीचा. बारावीचे प्रकरण अकरावीच्या पायावरच उभे असते, हे कोणताही गणिताचा शिक्षक सांगेल. पण पहिल्या चाचणीतले नऊ गुण ही अपघाताची बातमी नसते. ती साधी पोच असते, की मूल नव्या जागी पोहोचले आहे आणि तिथे त्याला अजून नीट दिसत नाही.

हे मला कसे कळले, ते सांगायला हवे.

२००३ मध्ये माझा मुलगा सांगलीला अकरावी विज्ञानात गेला. त्याच महिन्यात मला बढती मिळाली आणि बदली झाली लातूरला. आमच्या बँकेत तेव्हा बायका बढतीच्या मुलाखतीला जातच नसत. ‘मुलाची बारावी आहे’ हे कारण लिहून बढती नाकारल्याचे अर्ज मी स्वतः टाइप करून पुढे पाठवलेले आहेत. पुरुषांचे अर्ज वेगळे असत. बढती हवी, बदली नको, कारण मुलाची बारावी. मी बढतीही घेतली आणि बदलीही घेतली. नातेवाइकांत कुजबुज झाली, ‘‘मुलाची अकरावी आणि ही निघाली लातूरला!’’ त्यातली गंमत अशी, की तेव्हा सारा मराठवाडा मुलांना घेऊन लातूरला येत होता. बारावीच्या ‘लातूर पॅटर्न’चे नाव राज्यभर झाले होते. बीड, नांदेड, उस्मानाबादकडची मुले खोल्या घेऊन राहत. मी जिथे राहायचे त्या वाड्यात वर-खाली मिळून अशी नऊ मुले होती. पहाटे चारला दिवे लागत आणि कुणीतरी मोठमोठ्याने सूत्रे घोकू लागे. माझ्या शेजारच्या खोलीतला मुलगा फार तर साडेपंधरा वर्षांचा. त्याने एकदा रजेचा अर्ज आणला. ‘‘काकू, पालक म्हणून तुम्ही सही करता का? गावाकडं कोण जाणार सहीला?’’ मी केली. बावीस वर्षे लोकांच्या सह्या नमुन्याशी ताडून पाहणारी मी, दुसऱ्याच्या मुलाची पालक म्हणून बिनदिक्कत सही करून मोकळी झाले.

आणि दिवाळीत घरी आले तेव्हा मुलाच्या पुस्तकांच्या कप्प्यात कॉलेजचे पत्र सापडले. ‘आपल्या पाल्याची उपस्थिती अपुरी असून...’ खाली ‘पालकाची सही’ या रेघेवर नवऱ्याची सही होती. ती नवऱ्याची नव्हती. शेवटच्या अक्षराचा फराटा नवरा वर नेतो, हा खाली आला होता. चेकवर अशी सही असती तर मी ‘सही जुळत नाही’ म्हणून शिक्का मारून परत पाठवला असता.

मी त्याच्याशी बोलले तेही बँकेच्याच भाषेत. केव्हापासून? किती दिवस? क्लासची पूर्ण वर्षाची फी आगाऊ भरली आहे, तिथे तरी जातोस का? पावत्या माझ्याकडे तारीखवार लावलेल्या होत्या. त्या काढून दाखवल्या. तो मान खाली घालून बसला होता. रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात पाणी प्यायला आला आणि मला म्हणाला, ‘‘आई, मला त्वरण येतं. ॲक्सलरेशन येत नाही.’’

दहावीपर्यंत मराठी माध्यम, सत्त्याऐंशी टक्के. चाल, वेग, विस्थापन, घर्षण, संवेग हे सगळे त्याचे होते. पहिल्या दिवशी फळ्यावर ते सगळे इंग्रजीत आले आणि शंभर मुलांत त्याला वाटले, की हे आपल्या एकट्यालाच कळत नाही. हात वर करून विचारायचे, तर विचारायचेही इंग्रजीत. पहिल्या चाचणीत भौतिकशास्त्रात पंचवीसपैकी चार मिळाले. मग तो वर्गात जाईनासा झाला. सकाळी दप्तर घेऊन निघायचा आणि कृष्णेच्या घाटावर जाऊन बसायचा. दुपारी जेवायला वेळेवर यायचा. संध्याकाळच्या क्लासला मात्र जायचा, कारण तिथे काही न कळताही बसता येत असे; कुणी विचारत नव्हते.

मी लातूरला गेले म्हणून हे झाले, असा निकाल नातेवाइकांनी दिला. मी तो त्या वेळी मुकाट्याने ऐकून घेतला. आज ऐकणार नाही. मुलाचे वडील त्याच घरात होते, आजी होती, तिन्ही त्रिकाळ जेवण गरम मिळत होते. कुणालाच पत्ता नव्हता. माझी चूक मी दूर असण्यात नव्हती. दर रविवारी फोनवर मी त्याला फक्त अभ्यासाचा ताळेबंद विचारत होते, तिथे ती होती. ‘‘कितवा धडा चाललाय? टेस्ट कधी आहे?’’ तुझ्या बाकावर कोण बसतो, हे मी पाच महिन्यांत एकदाही विचारले नाही. विचारले असते, तर कदाचित त्याला गप्प बसावे लागले असते, आणि त्या गप्प बसण्यातून मला काही कळले असते.

पुढे चमत्कार झाला नाही. दिवाळीनंतर मी चार दिवसांची रजा वाढवून त्याच्याबरोबर कॉलेजात गेले. भौतिकशास्त्राचे सर भेटले. मला वाटले होते, फैलावर घेतील. ते म्हणाले, ‘‘दरवर्षी अशी पंधरावीस मुलं असतात. सांगत नाहीत, हीच पंचाईत.’’ त्यांनी त्याला दहावीचे मराठी विज्ञानाचे पुस्तक परत काढायला लावले आणि एका वहीत शेजारी शेजारी दोन्ही भाषांतले शब्द लिहून आणायला सांगितले. प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये दोन मित्र मिळाले. ब्युरेट कसा धरायचा, हे प्रयोगशाळेतल्या परिचरांनी मराठीतच दाखवले. अकरावी काठावर, बारावीला अठ्ठावन्न टक्के. इंजिनिअर झाला नाही. बी.एस्सी. झाला, आज पुण्यात एका कारखान्याच्या तपासणी विभागात आहे आणि बऱ्यापैकी सुखी दिसतो. आता बऱ्याच मराठी शाळांत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून घेतात, त्यामुळे हा खड्डा काहीसा भरला आहे. खेड्यातून येणाऱ्या किती तरी मुलांसाठी तो आजही तेवढाच खोल आहे.

या अनुभवामुळे ‘नावापुरता प्रवेश’ या प्रकाराकडे मी बाहेरच्या माणसासारखी पाहू शकत नाही. कॉलेजात नाव, क्लासमध्ये दिवस, आणि दोघांचा आपसांत करार. याला ‘इंटिग्रेटेड’ असे भारदस्त नाव आहे. २०१८ मध्ये राज्य सरकारने मोठ्या शहरांतल्या विज्ञान शाखांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, तो यासाठीच. अंगठा यंत्रावर ठेवून मागच्या दाराने बाहेर पडता येते, हे आदेश काढणाऱ्यांनाही ठाऊक असावे.

पालकांची बाजू खोटी नाही, हेही मला मान्य केले पाहिजे. कॉलेजांत शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत. तासिका तत्त्वावर नेमलेला तरुण शिक्षक एका तासाचे ठरावीक पैसे घेतो आणि स्कूटरवर बसून दुसऱ्या कॉलेजच्या तासाला पळतो. त्याने मुलाला थांबवून ‘‘तुला काय कळलं नाही?’’ विचारावे, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? वैद्यकीय प्रवेश एका परीक्षेवर ठरतो, तेव्हा आईबाप त्या परीक्षेच्या मागे धावणारच. क्लासमधले काही शिक्षक खरोखरच उत्तम शिकवतात. पण म्हणूनच पालकांनी कॉलेजला विचारायला हवे, की शिक्षक का नाही? पैसे कशाचे घेता? आपण नेमके उलटे करतो. कॉलेज शिकवत नाही याचा फायदा घेऊन हजेरीत सवलत मागतो. दोघांचेही भागते. ज्या मुलांना क्लासची लाखाची फी परवडत नाही, ती तेवढी रिकाम्या वर्गात उरतात.

शिवाय सवलत घेतलेल्या मुलाचे काय काय बुडते, याचा हिशेब कुणी मांडत नाही. विज्ञानाच्या प्रत्येक विषयात प्रात्यक्षिकाचे तीस गुण असतात, ते त्याला बहुधा मिळतात. जर्नल मागच्या वर्षीच्या मुलाचे बघून दोन रात्रींत उतरवले जाते. फक्त ब्युरेटमधून थेंब थेंब सोडताना एका थेंबासरशी सगळा द्रव गुलाबी होतो, हे त्याने कधी पाहिलेले नसते. भाषेचा तास त्याला नसतो. स्नेहसंमेलन नाही, एन.सी.सी. नाही, कँटीनमध्ये उधारी नाही. आपल्यासारख्याच निवडून घेतलेल्या मुलांत तो सहा तास बसतो आणि दर रविवारी त्यांच्यातला आपला क्रमांक बघतो. सोळाव्या वर्षी माणसाला दुसऱ्या तऱ्हेची माणसे भेटायला हवीत. वाडीवरून येणारा, नाटकात काम करणारा, दोनदा नापास होऊन हसणारा असा कुणीतरी भेटायला हवा.

मुलींचे आणखी एक. अहिल्याबाई होळकर योजनेतून ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत मिळतो, आणि त्या एका पासावर किती मुलींची अकरावी झाली आहे, हे स्टँडवर सकाळी साडेसहाला उभे राहिले की दिसते. परंतु प्रॅक्टिकल दुपारी असतात आणि गावची शेवटची सोयीची गाडी पाचची असते. ती चुकली तर घरी बोलणी. दोनदा चुकली तर ‘बस झालं कॉलेज’. सभेला आलेल्या पालकांनी वर्गातल्या अशा मुलींसाठी सकाळची बॅच मागितली असती, तर मला त्यांच्या संघटनशक्तीचे कौतुक वाटले असते.

शाखा व्यवस्थापक असताना शैक्षणिक कर्जाचे अर्ज माझ्यासमोर येत. चार लाखांपर्यंत तारण लागत नसे, पण आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून हवेत. मी नियम म्हणून मुलालाच विचारायची, ‘‘हाच कोर्स का घेतलास?’’ उत्तर वडील देत. मी पुन्हा मुलाकडे बघून विचारायची. आता आई देई. अठरा वर्षांचा कर्जदार टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसलेला. अर्जावर सही कुठे करायची तेही वडील बोटाने दाखवत. एका मुलीने मात्र वडिलांचा हात बाजूला सारून सांगितले होते, ‘‘मॅडम, हॉस्टेलचा खर्च यात धरलेला नाही. तो धरला तर रक्कम कमी पडते.’’ मी चौकशी केली तेव्हा कळले, की ती बारावीपासून घरचे वीजबिल आणि स्वतःचे सगळे अर्ज स्वतःच भरत होती. वडील अडत दुकानात हमाल होते, त्यांना वेळ नव्हता.

तेव्हा माझे पालकांना सांगणे असे आहे, की अकरावीचे अर्ज मुलाला भरू द्या. २०२५ मध्ये सगळ्या राज्याचे प्रवेश एकाच ऑनलाइन पद्धतीने झाले. दहापर्यंत पसंतीक्रम देता येत होते आणि पहिल्याच पसंतीचे कॉलेज मिळाले तर ते घ्यावेच लागत होते. हे नियम त्याला वाचू द्या, तुम्ही शेजारी बसा. बोनाफाइडसाठी, पाससाठी त्यालाच कार्यालयाच्या खिडकीशी उभे राहू द्या. बारावीच्या बोर्डाच्या अर्जानंतर प्रीलिस्ट तपासायला देतात, त्यात स्वतःचे नाव, आईचे नाव, विषय त्याने स्वतः वाचून मग सही करावी. नावातली एक चुकलेली वेलांटी पुढे किती वर्षे छळते, हे बँकेच्या काउंटरवर मी पाहिले आहे. आणि कॉलेजच्या सभेला जा. नुसते ऐकायला जाऊ नका. शिक्षक किती, जागा किती रिकाम्या, प्रॅक्टिकल आठवड्यात किती, हे विचारायला जा. क्लास लावायचाच असेल तर कॉलेज सुटल्यावरचा लावा. मूल घाटावर जाऊन बसते आहे की वर्गात, हे हजेरीच्या एसएमएसवरून कळत नाही. बाकावर शेजारी कोण बसतो, इथून सुरुवात करून बघा.

सभा संपल्यावर पोर्चमध्ये पाऊस थांबायची वाट बघत आम्ही सगळे उभे होतो. हजेरीत सवलत मागणारे गृहस्थ माझ्याजवळ आले. त्यांची मुलगी त्यांचे हेल्मेट हातात धरून मागे उभी होती. ‘‘मॅडम, तुमचं पटतं हो, पण वर्ष वाया गेलं तर?’’ ते म्हणाले. मी मुलीला विचारले, ‘‘प्रॅक्टिकलची बॅच कुठली तुझी?’’ ‘‘सी. गुरुवारी केमिस्ट्री,’’ ती म्हणाली, आणि वडिलांनी चमकून तिच्याकडे पाहिले. तिने बोर्ड वाचला होता.

हा मजकूर लिहून झाल्यावर मुलाला फोन केला. तुझी गोष्ट लिहिली आहे, छापू का, म्हणून विचारले. नाव घालणार नाही म्हटल्यावर तयार झाला. मी सगळे वाचून दाखवले. सहीचे ऐकून हसला, घाटाचे ऐकून काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘एक दुरुस्ती कर. फिजिक्समध्ये चार नव्हते, साडेचार होते.’’